गव्हाण रिकामी राहू दे

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. जर्मनीच्या व्हिसाची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली, म्हणून आलेलं स्थळ स्वीकारून ‘मोकळी होते’ म्हणतेस. मुलगा मनात भरला असेल तर खुशाल लग्न कर. मला खुपलं ते ‘मोकळी होते’. आमच्या नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यात आत्ता मारिया आहे, योसेफ आहे, बैल आहे. मधली गव्हाण तेवढी रिकामी. नातवंडं रोज कुरकुरतात, बाळ येशू आत्ताच ठेवूया. मी ठेवू देत नाही. चोवीस डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी राहू दे.

तू निघालीस त्याच देशातली गोष्ट. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न यांच्या आश्रमातली गरीब मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर चार रविवारांच्या मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटायची. मुलांसाठीसुद्धा त्यांनी नाताळ एका दिवसाने अलीकडे ओढला नाही. आपल्या चर्चमधलं आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचं, मेणबत्त्यांचं चक्र त्यातूनच आलं.

मी मात्र ओढला. अठ्ठावीस वर्षांचा होतो, वाडीच्या वाटणीचा दावा कोर्टात पडून होता. बाबा म्हणायचे, निकाल लागू दे. मी रोज त्यांच्या मागे लागलो आणि मिळेल ती रक्कम घेऊन हक्क सोडायला लावला. सही करताना त्यांच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. आज तिथे चार मजली इमारत उभी आहे. मलाही तेव्हा मोकळंच व्हायचं होतं गं. लोक मला हट्टी म्हणतात. आहेच मी हट्टी, त्या सहीपासून झालो, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही. गव्हाण रिकामी राहू दे, भलतंसलतं आणून भरू नकोस.

येत्या रविवारी, 14 डिसेंबरला, शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो: येणारे ते तुम्हीच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहू? ज्याने येशूला बाप्तिस्मा दिला, त्यालाच ही शंका! येशू त्याच्यावर रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे त्याला जाऊन सांगा, म्हणाला. तुरुंगाचं दार मात्र उघडलं नाही. म्हणून व्हिसा येईलच, असं मी तुला सांगणार नाही. तुझ्या शंकेचा मला राग नाही. महिनाभर जर्मनचं पुस्तक उघडलं नाहीस, त्याचा आहे. पाहुण्याची वाट बघणारं घर अंगण झाडून ठेवतं, दार लावून झोपत नाही.

रविवारी त्या चक्रावरची गुलाबी मेणबत्ती लागेल. चर्चमधल्या मिस्सानंतर पुस्तक घेऊन घरी ये, जेवायलाच थांब. गोठ्याच्या हिरवळीसाठी करवंट्यांत काल नाचणी पेरली आहे, अजून नुसती माती दिसते. त्या दिवशीचं पाणी तू घाल.

तुझा,
काका