मीटिंगला जाता, पण कुणाचा फोन नंबर घेतलात का?

तुम्ही लिहिलंय, "महिनाभर एएच्या मीटिंगला जातोय. मागे बसतो, ऐकतो, प्रार्थना झाली की निघतो. तिथे बरं वाटतं, पण परतीच्या वाटेवर दारूचं दुकान लागतं आणि पाय तिकडे वळतातच. देवावर माझा विश्वास नाही. मग जाण्यात अर्थ आहे का? आणि बायकोला अजून काही बोललेलो नाही, सांगू का?"

अर्थ आहे. जाणं थांबवू नका. तुम्हाला देवाची अडचण वाटतेय, पण तुमचं वाचताना मी अडखळलो ते "प्रार्थना झाली की निघतो" या वाक्यावर. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये (हेच एए, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट) इतकी वर्षं काढल्यावर माझी पक्की खात्री झालीय की नव्या माणसाला खरा आधार मीटिंग संपल्यावर मिळतो. तीच वेळ तुम्ही दर वेळी सोडून येताय.

त्याबद्दल सविस्तर लिहितो, पण तब्येतीचं आधी. रोज पीत असाल, सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागत असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतरच्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. डॉक्टर हे दिवस औषधांवर सुखरूप काढून देतात, जोडीला थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. "इच्छाशक्ती असली की डॉक्टर कशाला" असं गटातलं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. कुठे जावं कळत नसेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६, तिथे फोन केल्याचे पैसे पडत नाहीत.

आता फोनबद्दल. एएची सुरुवातच एका फोनने झाली. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आला होता. दारू बंद करून पाच महिने झाले होते. काम फिसकटलं, खिसा जवळजवळ रिकामा, शनिवारची संध्याकाळ, आणि तो मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटा. एका टोकाला बार, आतून हसण्या-बोलण्याचा आवाज येतोय. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याला कळून चुकलं की आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी आत्ता बोललो नाही तर आपण गेलो. म्हणून त्याने यादीतल्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. एकाकडून दुसरा नंबर, दुसऱ्याकडून तिसरा, असं करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याची गाठ गावातल्या एका सर्जनशी घालून दिली, तेच डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. रात्री उशिरापर्यंत दोघे बोलत बसले.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की विल्सन कुणाला सुधारायला निघाला नव्हता. त्याला स्वतःला वाचायचं होतं. तुम्ही रात्री आठला एखाद्या जुन्या सदस्याला फोन करता तेव्हा नेमकं हेच होतं. तुम्हाला वाटतं आपण त्याला त्रास देतोय. त्याला मात्र त्या फोनची तुमच्याइतकीच गरज असते, कारण नव्या माणसाशी बोलल्यावर त्याची स्वतःची संध्याकाळही बिनदारूची जाते. माझ्या वाईट दिवसांत मला सावरलंय ते बऱ्याचदा अशाच नव्या लोकांच्या फोनने.

तेव्हा पुढच्या मीटिंगनंतर निघू नका. बाहेर चहाला लोक थांबतातच, त्यांच्यात जाऊन उभे राहा. काही बोललं नाही तरी चालतं. आमच्या गटात एक काका आहेत. ते कॅलेंडरचं जुनं पान फाडतात, मागच्या कोऱ्या बाजूला चार नंबर लिहून नव्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "आत्ता लाव, माझ्यासमोर." त्यांच्या खिशातला फोन वाजला की मगच त्याला सोडतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. तलफ आलेली असताना अनोळखी नंबर पहिल्यांदा लावणं जवळजवळ अशक्य असतं. बोट स्क्रीनवर जातं आणि मनात येतं, "जाऊ दे, उद्या करू." म्हणून पहिला फोन बऱ्या दिवशी करून ठेवायचा. "जेवलात का, मी मागे बसतो तो" एवढं पुरे. मग अवघड दिवशी तो माणूस ओळखीचा झालेला असतो, आणि तेव्हाही लांबलचक सांगावं लागत नाही. "दुकानाजवळ उभा आहे" म्हटलं की समोरचा समजतो. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास कुणाशी तरी बोलत काढायचा.

परतीच्या वाटेवरच्या दुकानाचं उत्तरही इथेच आहे. "माझ्या रस्त्यात दुकान लागतं, चौकापर्यंत कुणी येईल का?" असं सरळ विचारा. हा प्रश्न विचारायला लाज वाटेल, पण त्या खोलीत असा एकही माणूस नाही ज्याच्या रस्त्यात कधी दुकान लागलं नव्हतं.

दुसरं, गटातलं एखादं काम मागून घ्या. आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते. बाकं तिसरीच्या मुलांच्या मापाची, गुडघे वर येतात. ती ओढून गोल मांडायची, पुस्तकं टेबलावर लावायची, शेवटी सगळं पूर्ववत करून कुलूप घालायचं. नव्याला आम्ही लवकरात लवकर किल्ली देतो, कारण किल्ली ज्याच्याकडे असते त्याला यावंच लागतं. पाऊस असो, साहेब ओरडलेला असो, घरी भांडण झालेलं असो, बाहेर दहा जण ताटकळत असतात. "मन झालं तर जाईन" हा प्रश्नच उरत नाही.

स्पॉन्सरसाठी घाई करू नका, पण टाळूही नका. स्पॉन्सर म्हणजे एएच्या कार्यक्रमातल्या बाराही पायऱ्यांमधून आधी गेलेला आणि तुम्हाला त्यातून नेणारा सदस्य. मीटिंगमध्ये सगळ्यात जोरकस बोलणारा निवडू नका. ज्याच्या घरचे लोक त्याच्याशी नीट बोलतात तो निवडा. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई निवडावी ही रीत योग्य आहे. आणि पैसे उसने मागणारा, औषधं बंद करायला सांगणारा किंवा तुमच्या संसाराचे निर्णय घेऊ पाहणारा स्पॉन्सर असेल तर बदला. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

देवाबद्दल. ही अडचण तुमच्या आधीही लोकांना आली होती. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेलं एएचं पुस्तक तयार होत असताना न्यूयॉर्कच्या गटातल्या देव न मानणाऱ्यांनी लावून धरलं, म्हणून पायऱ्यांमध्ये "आम्हाला जसा उमजला तसा" हे शब्द आले. आमच्याकडे कुणी विठ्ठलाचं नाव घेतं, कुणी निसर्गाचं, आणि काही जण सरळ सांगतात की माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे हा गट. हे सांगणारेही वर्षानुवर्षं सोबर आहेत. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. तरीही ही भाषा पचलीच नाही तर वेगळी वाट आहे. स्मार्ट रिकव्हरी ही व्यसन सोडणाऱ्यांची दुसरी संघटना १९९४ पासून देवाशिवाय, विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर चालते, तिच्या मीटिंग ऑनलाइनही असतात. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. तिथे उपचार घेतलेले लोकच पुढे नव्यांना हात देतात. कुठलीही वाट धरा, एकट्याने चालू नका एवढाच माझा आग्रह आहे.

"हे सगळं भावनेचं झालं, पुरावा काय?" असंही मनात येईल, आणि यायलाच हवं. २०२० मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, मिळून १०,५६५ लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएशी पद्धतशीरपणे जोडून देणारे कार्यक्रम मानसोपचाराच्या इतर प्रस्थापित पद्धतींपेक्षा सरस ठरले. यातलं "पद्धतशीरपणे जोडून देणारे" महत्त्वाचं. तिथे माणसाला नुसता पत्ता देऊन सोडलेलं नव्हतं. मीटिंगला जा, स्पॉन्सर धर, गटात भाग घे, यासाठी कुणीतरी त्याच्या मागे लागलेलं होतं.

या महिन्यात पाय वळला म्हणून मीटिंगला जायची लाज वाटत असेल तर ऐका. डॉ. बॉबही विल्सन भेटल्यानंतर एका परिषदेला गेले असताना प्यायले होते. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा समजला जातो, आणि तोच दिवस एए आपला स्थापनादिन मानते. सदस्य व्हायला अट एकच आहे, दारू सोडायची इच्छा. प्यायलात तर दुसऱ्या दिवशी या आणि हात वर करून सांगा. लोक टाळ्या वाजवतील. त्या टाळ्या परत आल्याबद्दल असतात.

आता बायकोला सांगायचं का. सांगा, आणि या आठवड्यात सांगा. तिला तुमचं पिणं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की त्या संध्याकाळी तुम्ही कुठे जाता. "आता सगळं बदलणार" अशी वचनं देऊ नका, ती तिने खूप ऐकली असतील. मीटिंगचा वार, वेळ आणि जागा सांगा. तुमची मीटिंग ओपन, म्हणजे बाहेरच्यांनाही खुली असेल तर एकदा तिला बरोबर न्या. तिच्यासाठी वेगळे गटही आहेत. विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये सहकाऱ्यांसह अल-अनॉन उभं केलं ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींचा "सहचरी" गट आहे. तिथे ती तुमच्यावर लक्ष ठेवायचं शिकायला जात नाही, स्वतःची झोप, स्वतःचा राग, मुलांचं काय करायचं हे बोलायला जाते. ती गेली तर तिथे काय बोलली हे विचारू नका. तुमच्या मीटिंगमध्ये दुसऱ्याने सांगितलेलं तिलाही सांगू नका. स्वतःचं मात्र सांगा, जेवढं जमेल तेवढं.