जुनी हार्ड डिस्क नव्या पीसीत लावताना
अरे, जुनी हार्ड डिस्क नव्या पीसीत वापरू का असं विचारलंस ना? खुशाल वापर, पण विंडोज नव्या एसएसडीवरच (चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कवर) टाक. आणि ते टाकताना जुन्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) काढून ठेव. जोडलेली राहिली तर बूट फाइल्स (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स) कधीकधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात; मग पुढेमागे ती काढलीस की मशीन सुरूच होत नाही.

नंतर डिस्क जोडलीस की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालव. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोरचा (म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) रॉ, म्हणजे मूळ मोजलेला, आकडा शून्य हवा. तो वाढत असेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर आधी घरचे फोटो दुसरीकडे उतरवून घे, फॉरमॅटचं मागाहून बघू. धडधाकट निघाली तर सिनेमे, गाणी ठेवायला उत्तम. महत्त्वाच्या फाइलची एकुलती एक प्रत मात्र तिच्यावर ठेवू नकोस, प्लीज.