ट्रायकोकार्डातून निघणारी जात जपोनिकमच आहे, हे खात्रीने कळते का?

रत्नागिरीकडच्या भातशेतीत ट्रायकोकार्डांतून, म्हणजे परोपजीवी कीटक आत वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या कार्डांतून, खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जपोनिकम सोडतात आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस. म्हणून आपली शंका अगदी रास्त आहे. डोळ्यांनी ती फिटणार नाही, कारण हे अंड्यांवर जगणारे परोपजीवी कीटक एक मिलिमीटरहूनही लहान असतात आणि त्यांचा रंग वाढीच्या काळातील तापमानानुसार बदलतो.

तज्ज्ञ मुख्यतः नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जात ठरवतात. मात्र काही वाणांत व्होल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे माद्या नराविना माद्यांनाच जन्म देतात, आणि मग तपासायला नरच उरत नाही. तिथे डीएनए उपयोगी पडतो. पेशीत ज्याच्या शेकडो प्रती असतात असा डीएनएचा आयटीएस-२ हा भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने, वाढवला, तर एका कीटकावरही परीक्षण होते. या भागाची लांबी आणि त्यातील घटकांचा क्रम जातीगणिक वेगळा असतो. केवळ मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जा देणाऱ्या घटकातील) सीओआय या जनुकावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण व्होल्बाकियाच्या प्रसारामुळे त्याचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. शिवाय, तुलनेसाठीचा मूळ नमुना तज्ज्ञाने नीट ओळखलेला नसेल, तर डीएनएची जुळणी चुकीचेच नाव देईल.

नमुना पाठवायचा असल्यास कार्डाचा तुकडा बंद काचनळीत ठेवावा, बाहेर आलेले कीटक ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालावेत आणि थंड जागी ठेवावेत. कोकणातल्या पावसाळी दमटपणात कोरडे नमुने लवकर बुरसतात.