पोर्ट्रेट एचिंग: आधी काळोख कुठे ते ठरव

पोर्ट्रेट एचिंगला, म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने कोरून छापायच्या चेहऱ्याला, हात घालतोयस, तर स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘लोस काप्रिचोस’ या चित्रसंचामधलं (१७९९) पहिलं चित्र समोर ठेव. उंच टोपीतला तो स्वतः, एका बाजूने दिसणारा, डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याला जोखणारा. ८० चित्रांच्या संचाची सुरुवात अशा आंबट तोंडाने करावी ती त्यानेच! गडदपणा टोपीत आणि कोटात आहे, म्हणून गाल उजळतो. नवशिके नेमके गालावरच रेघांची जाळी विणत बसतात आणि चेहरा मळकट होतो.

अ‍ॅक्वाटिंट (रेघांऐवजी सलग छटा देणारी पद्धत) करणार असशील, तर राळेची पूड तापवून प्लेटला चिकटली की कपाळ आणि नाकाचा शेंडा आधी अ‍ॅसिड अडवणाऱ्या वॉर्निशने झाक. मग प्लेट अ‍ॅसिडमध्ये थोडाच वेळ ठेव, धू, वाळव, फिक्या हव्यात त्या जागा झाक, पुन्हा बुडव. जितका जास्त वेळ, तितकी छटा काळी. इथे घाई नको. काळं जास्त झालंच तर बर्निशरने (गुळगुळीत धातूच्या हत्याराने) घासून उजेड परत काढता येतो, पण त्यात मनगट मोडतं. छापण्याआधी शाई जाळीदार कापडाने पुसतोस ना, ती चेहऱ्यावर शेवटी तळहाताने पूस.