सेल्फ ‘टक’ करतो आणि गप्प बसतो

प्रश्न : माझ्या बारा व्होल्टच्या ट्रकचं डिझेल इंजिन बसलं, म्हणून जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचं इंजिन आणून चढवलं. आता चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ करतो. कधी दोन फेरे मारतो नि थांबतो. बॅटरी नवी टाकली, सेल्फ खोलून कार्बन बदलले. फरक शून्य. आणि हो, ॲक्सिलरेटरची केबल फार गरम होते. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आहे. नवा सेल्फ घेऊ का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊ, सेल्फ घेऊ नका, निदान आज तरी. खरं दुखणं तुम्ही जाता जाता लिहून गेलात : केबल गरम होते. ती तापते म्हणजे तिच्या तारेतून सेल्फचा करंट इंजिनाकडून चेसिसकडे जातोय, आणि त्याला जायला दुसरी वाटच ठेवलेली नाही.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या हिशेबानं चेसिसपासून अधांतरी. सेल्फला प्लस जाड केबलनं मिळतो. मायनस मात्र त्याच्या बॉडीतून, इंजिनातून, बॅटरीकडे परत जायचा असतो. त्यासाठी इंजिन ते चेसिस अशी तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवताना ती सुटते आणि चढवताना कुणाला आठवत नाही. आडगाव नाक्यावर माझ्याच दुकानात हे झालंय. गिऱ्हाइकाला नवी बॅटरी घ्यायला लावली, आणि संध्याकाळी पट्टी सापडली नटबोल्ट धुवायच्या रॉकेलच्या डब्यात, तळाशी! बॅटरीचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. त्याचं दोन दिवसांचं भाडं बुडालं ते बुडालंच.

खात्री करायला मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, त्यावर आवळलेल्या केबलच्या लगवर नव्हे, थेट खांबावर. दुसरं सेल्फच्या बॉडीवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग, म्हणजे मायनसची ही परतीची वाट, ठीक. तुमच्याकडे तो बराच वर जाईल. सेल्फ 400 अँपिअर ओढत असेल आणि वाटेत फक्त 5 मिलिओहमचा अडथळा असेल, तरी 2 व्होल्ट तिथंच संपतात. मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिन ब्लॉकला लावून बघा. सेल्फ जोरात फिरला की निकाल लागला.

पट्टी लावताना रंगावर लावू नका. चेसिसवरची जागा घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा, मग वरून ग्रीस. बॅटरीचा मायनस चेसिसला येतो तो जोडही तसाच साफ करा.

सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा जाड करंट जोडणारा विजेचा स्विच. त्याची बारीक वायर, म्हणजे 50 नंबरच्या टोकाची, तीही एकदा बघा. नुसत्या चावीवर तिचा भार टाकला की चावीच्या स्विचमधले पॉइंट जळतात. मधे रिले घाला, म्हणजे चावीच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात : 30 ला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, 87 वरून सोलेनॉइड, 86 ला चावी, 85 ला अर्थिंग. सेल्फच्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो, म्हणून ती एक्झॉस्टपासून लांब आणि कुठं पत्र्यावर घासणार नाही अशी न्या.

इंजिन नंबर बदलला आहे, तो आरटीओत आरसीवर चढवून घ्या.

आणि ती ॲक्सिलरेटरची केबल, अर्थिंग झाल्यावर गार राहिली तरी, बदलाच. तापून आतलं प्लास्टिक वितळलं असेल तर तार चिकटते. कसारा उतरताना रेस अडकली, तर सेल्फची आठवणसुद्धा यायची नाही.