सावकाराला लिहून दिलेले खरेदीखत

प्रश्न : २०१६ मध्ये वडिलांनी चाळीसगाव तालुक्यातील एका इसमाकडून व्याजाने पैसे घेऊन, तारण म्हणून एक एकर जमिनीचे खरेदीखत करून दिले. रक्कम फेडूनही तो जमीन परत करत नाही. काय करावे?

उत्तर : आपण जळगावच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार, अर्जापूर्वीच्या १५ वर्षांत सावकारीच्या व्यवहारातून स्थावर मालमत्ता सावकाराकडे गेल्याचे चौकशीत आढळल्यास ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश देता येतो. खरी अडचण पुराव्याची असते, कारण समोरचा माणूस ‘ही रीतसर खरेदी आहे’ असेच म्हणणार. म्हणून व्याज दिल्याच्या वहीतील नोंदी, बँकेचे उतारे, साक्षीदार आणि, विक्रीनंतरही जमीन वडीलच कसत असतील तर, पीकपाहणीची नोंद असलेला सातबारा जोडावा. बाजारभावापेक्षा खरेदीखतातील किंमत फारच कमी असेल, तर तेही आवर्जून दाखवावे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. परवान्याविना सावकारी केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र नातेवाइकांतील बिनव्याजी हातउसने व्यवहार सावकारीत मोडत नाहीत.