वाचकांचे प्रश्न : कुरवाचं डोकं सोडा, पंख बघा

प्रश्न : डिसेंबरात नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावरून कुरवांचा (गल पक्ष्यांचा) थवा दिसला. सगळे पांढरे-राखाडी, प्रत्येकाच्या डोळ्यामागे काळा ठिपका, चोच आणि पाय लालसर. हे तपकिरी डोक्याचे की काळ्या डोक्याचे?
– एक वाचक, निफाड

उत्तर : हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं आणि ठिपकाही दोघांना असतो. फेब्रुवारी-मार्चात डोक्यावर रंग चढायला लागला तरी फार सोपं होत नाही, कारण काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही प्रत्यक्षात गडद चॉकलेटी होतं. म्हणून बसलेल्या थव्यावर डोकं खपवू नका. उडेपर्यंत थांबा. एखादा दलदल ससाण्यासारखा शिकारी पक्षी पाण्यावरून गेला की सगळे एकदम उठतात, तेव्हा दुर्बीण पंखांच्या टोकांवर हवी.

प्रौढ काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड मनगटापासून (पंख जिथे वाकतो तिथून) टोकापर्यंत पांढरी शुभ्र असते. काळा रंग फक्त पिसांच्या टोकांना, मागच्या कडेला रेघेसारखा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोकच काळं असतं, त्या काळ्यात सहसा दोन पांढरे डाग दिसतात (पक्षीनिरीक्षक त्यांना ‘मिरर’ म्हणतात) आणि काळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा. पक्षी डोक्यावरून गेला तर खालूनही तपकिरीचं टोक काळपट आणि मिरर उठून दिसतात.

बसलेल्याच पक्ष्यावर निर्णय घ्यायचा असेल तर स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) ३० पटीच्या पुढे नेऊन डोळा बघा. प्रौढ तपकिरीची बुबुळं फिकट, पिवळसर पांढरी; काळ्या डोक्याच्याची गडद. तपकिरीची चोच जाडसर असते आणि तो अंगानेही थोडा मोठा (साधारण ४२ सेंटिमीटर, दुसरा ३८च्या आसपास). पण हा फरक दोघे शेजारी उभे असतील तरच कामाचा. एकाच जातीतले नर मादीपेक्षा मोठे असतात, त्यामुळे एकट्या पक्ष्याच्या आकारावर विसंबू नये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांत. पंखांवर तपकिरी छटा आणि शेपटीच्या टोकाला काळा पट्टा दिसला की पक्षी लहान आहे असं समजा. या वयात तपकिरीचेही डोळे गडद असतात आणि मिरर आलेले नसतात. ‘डोळा काळा, मिरर नाही, म्हणजे काळ्या डोक्याचा’ अशी नोंद होते आणि ती चुकते. लहान तपकिरीची बाहेरची लांब पिसं सलग काळी असतात. लहान काळ्या डोक्याच्याच्या त्याच पिसांवर लांबट पांढरे पट्टे असतात. तेवढं दिसलं नाही तर यादीत ‘तपकिरी/काळ्या डोक्याचा कुरव’ असं लिहावं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही जात नक्की नसली तर तशी नोंद करायची सोय आहे.

प्रश्न : उडत्या कुरवांचे फोटो काढतो, पण घरी येऊन बघतो तर पंखांवर नुसता पांढरा गोळा.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : मागे गडद पाणी असलं की कॅमेरा पूर्ण चित्र उजळवायला जातो आणि पांढरं जळतं. अशा वेळी एक्स्पोजर −०.७ वर ठेवा. उजळ आकाशासमोर उलट होतं, पक्षी काळवंडतो, तिथे +०.७ ते +१. शटर १/२००० किंवा त्याहून जलद, आणि बर्स्ट चालू. एकाच पक्ष्याचे पंख पूर्ण वर आणि पूर्ण खाली असलेले दोन्ही फोटो हवेत, कारण वरची बाजू एकात दिसते आणि खालची दुसऱ्यात. सूर्य पाठीशी घ्या. दहानंतर पाण्यावर झळ नाचायला लागते, मग लांबचा फोटो कितीही भारी लेन्सने काढा, पिसांच्या कडा विरघळतात.

प्रश्न : कुरवांच्या अशाच एका थव्यात एक खूप मोठा कुरव होता, चोच पिवळी. तो कोण?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बहुधा पॅलसेस गल. लांबी ६० सेंटिमीटरच्या वर, कपाळ उतरतं, चोच जाड, पिवळी आणि टोकाजवळ काळा पट्टा. हिवाळ्यात डोळ्याभोवती आणि मागे काळपट डाग राहतो. बाकीच्या मोठ्या कुरवांना असा डाग नसतो, ते समुद्रकिनाऱ्यावर जास्त दिसतात. नदी सुरयाची (रिव्हर टर्नची) चोचही पिवळी असते, पण तो सडपातळ, पाय आखूड लाल आणि शेपटी खोल दुभंगलेली, त्यामुळे शेजारी उभा असला तरी गोंधळ व्हायचं कारण नाही.